खिसे नसलेलं भविष्य

कॅप्टन कर्कचा शर्ट पिवळा नव्हता. हिरवा होता.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका तुम्ही पाहिली नसेल, तरी तो शर्ट पाहिला असेल. एखाद्या मीममध्ये, कुणाच्या तरी फॅन्सी ड्रेसच्या फोटोत. काळी पँट, काळी कॉलर, छातीवर डाव्या बाजूला बाणाच्या टोकासारखं चिन्ह आणि सोनेरी पिवळा शर्ट. प्रत्यक्षात ते पोपटीकडे झुकणाऱ्या हिरव्या रंगाचं वेलूर होतं, म्हणजे मखमलीसारखी लव असलेलं कापड. स्टुडिओतले प्रखर दिवे आणि त्या काळची फिल्म यांतून जाताना त्याचा रंग बदलायचा. कर्कचेच दुसऱ्या कापडात शिवलेले कपडे, म्हणजे पुढून एकावर एक येणारा अंगरखा किंवा समारंभाचा सॅटिनचा पोशाख, पडद्यावर हिरवेच दिसले. मालिकेचे वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांनी पुढे हे सांगितलंही. पण तोवर लोकांच्या डोळ्यांत सोनेरी रंग बसला होता, आणि नंतरच्या मालिकांनीही तोच खरा धरला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. इथे कावीळ कॅमेऱ्याला झाली होती.

हा किस्सा मला आवडतो, कारण विज्ञानकथेतल्या कपड्यांची सगळी अडचण त्यात आहे. गोष्ट तेविसाव्या शतकातली असते, पण कपडे आजच शिवावे लागतात. शिवणाऱ्याच्या हातात आजचं कापड असतं, आजचं बजेट असतं, आणि बाईने काय घालावं, पुरुषाने काय घालावं याबद्दलच्या आजच्या समजुती असतात. लेखक एका वाक्यात तीनशे वर्षं पुढे जाऊ शकतो. शिंप्याला तसं जाता येत नाही.

आणि गणवेश म्हणजे तर एक जाहीर आश्वासन असतं: इथे सगळे सारखे. ‘स्टार ट्रेक’ने हे आश्वासन मोठ्याने दिलं होतं. ते कुठवर पाळलं गेलं हे बघायचं असेल तर मालिकेतली भाषणं बाजूला ठेवून कपडे उलटे करून बघावे लागतात. शिवण कुठे आहे, माप कुणाचं आहे, खिसा आहे की नाही.

रंग कुणाला हवा होता?

ही मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. तीन सीझन आणि ७९ भाग झाल्यावर १९६९ मध्ये बंद पडली. तिचा जनक जीन रॉडनबेरी. या माणसाने टीव्हीत येण्याआधी तीन वेगवेगळे गणवेश अंगावर घातले होते: दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानाचा पायलट म्हणून, मग पॅन ॲम या विमान कंपनीत आणि मग लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात. गणवेशाने माणसाचं वागणं, चालणं, इतरांचं त्याच्याशी बोलणं कसं बदलतं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याच्या जहाजावर, म्हणजे ‘एंटरप्राइझ’वर, तीन रंग होते. कप्तानी करणाऱ्यांना सोनेरी (म्हणजे हिरवा!), शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांना निळा, आणि इंजिनियर, सुरक्षारक्षक, संदेशवहन वगैरेंना लाल. कोण कुठल्या खात्यातलं हे प्रेक्षकाला एका नजरेत कळावं, हा त्याचा उपयोग. पण हे रंग इतके भडक असण्यामागे एक धंद्याचं कारणही होतं. एनबीसीची मालकी आरसीए या कंपनीकडे होती, आणि आरसीए रंगीत टीव्ही संच विकत होती. १९६६ च्या सुमारास अमेरिकी टीव्ही पूर्णपणे रंगीत होत होता. दुकानाच्या काचेमागे ठेवलेला संच विकायचा तर पडद्यावर रंग उधळलेले दिसायला हवेत. भविष्यातला गणवेश तसा मुळात शोरूमसाठीच बेतलेला होता.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ही मालिका आपल्याकडे दाखवली, तेव्हा बहुतेक घरांत कृष्णधवल संच होते. म्हणजे ज्या रंगांसाठी एवढी यातायात केली होती, ते आपल्याकडच्या अनेकांनी पाहिलेच नाहीत. त्यांच्यासाठी कर्क, स्पॉक आणि पहिल्या दहा मिनिटांत मरणारा सुरक्षारक्षक, सगळे एकाच राखाडी कपड्यात होते. गणवेशाचं आश्वासन सगळ्यात पुरेपूर पाळलं गेलं ते बहुधा त्या कृष्णधवल पडद्यांवर.

पँट गेली, स्कर्ट आला

आता जरा मागे जाऊ. मालिका सुरू होण्याआधी एनबीसीसाठी दोन नमुना भाग केले होते. पहिला १९६४ च्या अखेरीस चित्रित झाला. त्यात जहाजाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक बाई आहे. तिचं नाव कळत नाही, तिला फक्त ‘नंबर वन’ म्हणतात. भूमिका मॅजेल बॅरेटने केली होती. तिच्या अंगावर पुरुषांसारखाच अंगरखा आणि पुरुषांसारखीच पँट आहे. कप्तान संकटात सापडतो तेव्हा ती जहाज सांभाळते, आणि तिच्या कपड्यांकडे कॅमेरा वेगळ्या नजरेने बघत नाही.

वाहिनीने तो भाग नाकारला. रॉडनबेरी पुढे सांगत राहिला की, अधिकारपदावरची बाई वाहिनीला पचली नाही. मालिकेच्या निर्मितीत असलेले हर्बर्ट सोलो आणि रॉबर्ट जस्टमन यांनी १९९६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात वेगळं सांगितलं: वाहिनीला बाईचं वावडं नव्हतं, आक्षेप त्या ठरावीक अभिनेत्रीला होता, कारण रॉडनबेरीचं तिच्याशी प्रेमप्रकरण होतं. दोन्ही बाजू ऐकल्यावर कुठली खरी धरायची हे ज्याचं त्याने ठरवावं. कपड्यांचा पुरावा मात्र वादातीत आहे. १९६५ च्या दुसऱ्या नमुना भागातही बायका पँटमध्येच आहेत. १९६६ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा पँट गायब झाली होती आणि तिच्या जागी मांडीच्या वर संपणारा आखूड झगा आला होता.

इथे ‘बघा, पुरुषी नजर!’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्यांनी तो झगा घातला त्यांचं ऐकायला हवं. यिओमन रँडची भूमिका करणारी ग्रेस ली व्हिटनी सांगायची की, आखूड झग्याची कल्पना तिनेच सुचवली. लेफ्टनंट उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्सलाही तो पोशाख अपमानास्पद वाटला नव्हता. साठच्या दशकात मिनीस्कर्ट हा तरुण मुलींनी आईच्या पिढीला दिलेला नकार होता. लंडनच्या रस्त्यांवरून तो नुकताच जगभर पसरत होता. तो घालणं म्हणजे स्वतःच्या शरीरावर स्वतःचा हक्क सांगणं, असं त्या वेळी अनेकींना वाटत होतं. आज आपल्याला त्यात जे दिसतं, ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांना जे दिसत होतं, ते आज आपल्याला सहजी दिसत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. निवड होती का? रस्त्यावरची मुलगी सोमवारी मिनीस्कर्ट आणि मंगळवारी पँट घालू शकत होती. ‘एंटरप्राइझ’वरच्या बाईला सातही दिवस एकच कपडा होता. जे रस्त्यावर बंड होतं, ते जहाजावर नियमावलीत गेलं. बंडाचा गणवेश झाला की त्यातलं बंड संपतं.

मालिकेचा शेवटचा भाग जून १९६९ मध्ये दाखवला गेला. त्यात एक बाई कर्कला सुनावते की, त्याच्या कप्तानांच्या जगात बायकांना जागा नाही. म्हणजे पाच वर्षांत नंबर वनच्या पँटपासून आपण इथवर आलो होतो.

पण या मालिकेला एवढ्यावर निकालात काढता येत नाही, कारण त्याच आखूड लाल झग्यात उहुरा बसलेली आहे. एक काळी बाई, जहाजाच्या मुख्य कक्षात, कुणाची मोलकरीण म्हणून नाही तर अधिकारी म्हणून. निकोल्स पहिल्या सीझननंतर मालिका सोडणार होती. तिने नंतर अनेकदा सांगितलं की, एका कार्यक्रमात तिला मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि त्यांनी तिला ही जागा सोडू नकोस असं बजावलं. १९७७ पासून तिने नासासाठी काम केलं. बायकांनी आणि कृष्णवर्णीयांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत म्हणून ती देशभर फिरली. १९९२ मध्ये अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन लहानपणी उहुराला बघत मोठी झाली होती. झगा आखूड होता हे खरं, आणि त्या झग्याकडे बघून एक मुलगी खऱ्या यानात जाऊन बसली हेही खरं.

रात्रपाळी

माझी आई शाळांचे गणवेश शिवते. एप्रिलपासून आमच्या घरात निळ्या आणि खाकी कापडाचे तागे येऊन पडतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मशीनचा आवाज मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही. त्यामुळे कुठल्याही सिनेमात एकसारखे कपडे घातलेली चाळीस माणसं दिसली की मला आधी प्रश्न पडतो: हे शिवलं कुणी, आणि किती दिवसांत?

‘स्टार ट्रेक’च्या बाबतीत याचं उत्तर सोलो आणि जस्टमन यांच्या त्याच पुस्तकात आहे. बजेट तुटपुंजं होतं. दर आठवड्याला नवा ग्रह, नव्या ग्रहावर नवे लोक, त्यांना नवे कपडे. युनियनच्या कारागिरांकडून ओव्हरटाइम देऊन हे करून घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून थाइस यांनी स्टुडिओबाहेर, युनियनच्या नोंदीत नसलेल्या शिवणकाम करणाऱ्या बायका कामाला लावल्या. त्या रात्रभर शिवायच्या आणि सकाळी चित्रीकरणाआधी कपडे गुपचूप स्टुडिओत पोचायचे. पैशाची हाव, भूक आणि पिळवणूक मागे टाकलेल्या मानवजातीचे कपडे कमी पैशांत, रात्रपाळीत, चोरून शिवले गेले. त्या बायकांची नावं श्रेयनामावलीत नाहीत.

आणि कापडही काही भविष्यातलं नव्हतं. वेलूर प्रत्येक ड्रायक्लीनिंगनंतर थोडं आटायचं. सीझन पुढे सरकेल तसे नटांचे शर्ट तोकडे होत जायचे. तिसऱ्या सीझनला शेवटी कंटाळून ते बदललं आणि त्या जागी नायलॉनचं डबल-निट कापड आलं. गणवेशाला बटण नाही, दिसणारी चेन नाही, कारण भविष्यात असल्या गोष्टी कशाला लागतील! प्रत्यक्षात चेन होतीच. खांद्यापासून काखेकडे तिरक्या जाणाऱ्या शिवणीत ती लपवलेली होती.

खिसे मात्र खरोखरच नव्हते. कम्युनिकेटर, म्हणजे त्यांचा मोबाइल म्हणा, कमरेला वेल्क्रोने चिकटवलेला असायचा.

याच वर्षांत अमेरिकेत दुसरीकडे आणखी काही बायका भविष्याचे कपडे शिवत होत्या. चंद्रावर जाणाऱ्या अपोलोच्या अंतराळवीरांचे पोशाख आयएलसी या कंपनीने केले. हीच कंपनी एरवी ‘प्लेटेक्स’ नावाने बायकांची अंतर्वस्त्रं बनवायची. लवचीक, अंगाबरोबर वाकणारं आणि तरीही घट्ट बसणारं काहीतरी शिवायचं कसब तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या हातात होतं. एकवीस थर, आणि टीप इंचाच्या १/३२ भागापेक्षा जास्त हलता कामा नये. टाचणी विसरून आत राहिली तर माणूस मरू शकतो, म्हणून टाचण्यांचाही हिशोब ठेवला जायचा. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या दोघांच्या आणि पोकळीच्या मध्ये होती ती या बायकांची शिवण. दर अंतराळवीरासाठी पोशाख वेगळा, त्याच्या मापाचा. मापाचा मुद्दा लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

लाल शर्टाचं गणित

‘रेडशर्ट’ हा शब्द आता इंग्रजीत रूढ झाला आहे. गोष्टीत फक्त मरण्यासाठी आणलेलं पात्र म्हणजे रेडशर्ट. कर्क, स्पॉक, डॉक्टर आणि एक अनोळखी लाल शर्टवाला एखाद्या ग्रहावर उतरले, की परत कोण येणार नाही हे लहान मूलही सांगेल. २०१२ मध्ये जॉन स्काल्झीने यावर ‘रेडशर्ट्स’ नावाची कादंबरी लिहिली आणि तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

गणित मांडून बघितलं तर लाल रंग तितका पनवती ठरत नाही. जहाजावर इंजिनियर, सुरक्षारक्षक, तंत्रज्ञ अशी लाल शर्टवाल्यांची गर्दीच मोठी होती. गर्दी मोठी तर त्यातले मृत्यूही जास्त. उहुरा आणि मुख्य इंजिनियर स्कॉटी लाल कपड्यांतच होते आणि त्यांना काही झालं नाही. धोका होता तो सुरक्षारक्षकाच्या कामात. तीच गत आपल्या आसपासची. गटारात उतरणाऱ्याच्या मृत्यूचं कारण त्याच्या कपड्याचा रंग नसतो.

मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. गणवेशामुळे पात्राला नाव द्यायची गरज उरत नाही. लाल शर्ट दिसला की ‘एक माणूस गेला’ एवढं कळतं, आणि गोष्ट पुढे सरकते. सगळे सारखे या आश्वासनाची ही दुसरी बाजू आहे. सारखेपणा काहींना प्रतिष्ठा देतो आणि काहींना अदलाबदल करता येण्याजोगं सामान बनवतो.

एक माप कमी

१९७९ मध्ये ‘स्टार ट्रेक’ मोठ्या पडद्यावर आलं. वेशभूषाकार रॉबर्ट फ्लेचर यांनी भडक रंग काढून टाकले आणि राखाडी, बदामी, पांढऱ्या रंगांचे सुटसुटीत पोशाख केले. अनेक पोशाखांत बूट पँटलाच शिवलेले होते. दिसायला स्वच्छ, पण घालायला आणि काढायला दुसऱ्याची मदत लागायची. प्रेक्षकांनी त्यांना पायजमे म्हणून हिणवलं आणि नट ते पुन्हा घालायला तयार नव्हते.

१९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’साठी बजेट पहिल्या चित्रपटाच्या जवळपास एक चतुर्थांश होतं. नवीन कापड घेणं जड होतं, म्हणून फ्लेचर यांनी जुनेच कपडे रंगवून बघितले. गडद लाल रंग त्यांवर चांगला चढला. दिग्दर्शक निकोलस मायर यांना आरमारी थाट हवा होता. त्यातून ते डबल-ब्रेस्टेड गडद लाल जॅकेट जन्माला आलं, जे पुढे १९९१ पर्यंतच्या सगळ्या चित्रपटांत टिकलं. अनेक चाहत्यांच्या मते हा ‘स्टार ट्रेक’चा सगळ्यात देखणा गणवेश. जॅकेट बायकांना आणि पुरुषांना सारखंच होतं. पैसे नसल्यामुळे झालेली ही सुधारणा, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पुढे १९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही नवी मालिका सुरू झाली आणि थाइस परत आले. या वेळी कापड होतं स्पॅन्डेक्स, म्हणजे सायकलस्वार घालतात तसलं ताणलं जाणारं. डोक्यापासून पायापर्यंत एकच कपडा. रॉडनबेरीला भविष्यात सुरकुती नको होती, म्हणून गणवेश मुद्दाम एक माप कमी शिवले गेले. पायाखालून पट्टा, वर खांद्यावर ताण, आणि मधला पाठीचा कणा दिवसाचे बारा-बारा तास त्या ताणात.

आईकडे येणारे पालक एक ठरलेलं वाक्य बोलतात: “वाढत्या अंगाचं शिवा.” म्हणजे पोर वाढणार आहे, कपड्यात जागा ठेवा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. पुढच्या वर्षी उसवून सैल करता यावं म्हणून सोडलेली ती माया. स्पॅन्डेक्सच्या गणवेशात माया नव्हती. आतलं शरीर बदलतं, फुगतं, दमतं, घामेजतं, ही शक्यताच त्यात धरली नव्हती.

परिणाम व्हायचा तो झाला. नटांच्या पाठी धरल्या. कापडात घामाचा वास अडकून राहायचा. कॅप्टन पिकार्ड झालेल्या पॅट्रिक स्ट्यूअर्टला त्याच्या कायरोप्रॅक्टरने सांगितलं की, हे असंच चालू राहिलं तर पाठीला कायमची इजा होईल. स्टुडिओवर खटला भरायची भाषा झाली, तेव्हा कुठे तिसऱ्या सीझनला रॉबर्ट ब्लॅकमन यांनी नवा गणवेश केला: लोकरी गॅबर्डिनचा, जॅकेट वेगळं आणि पँट वेगळी. पण तोही आधी मुख्य नटांना. मागे उभे राहणारे एक्स्ट्रा बराच काळ जुन्या स्पॅन्डेक्समध्येच राहिले. दोन तुकड्यांचं जॅकेट बसताना वर सरकायचं, म्हणून पिकार्ड उठताबसता ते खाली ओढायचा. चाहत्यांनी त्या लकबीला ‘पिकार्ड मनूव्हर’ असं नाव दिलं.

पहिल्या सीझनमध्ये एक धाडसी प्रयोगही झाला होता. आखूड झगा पुरुषांनाही दिला होता. काही पुरुष जहाजाच्या बोळांतून तो घालून फिरताना दिसतात. कल्पना प्रामाणिक होती: समानता असेल तर ती दोन्हीकडून असावी. फक्त तो झगा घातलेले पुरुष कायम मागून चालत जाणारे एक्स्ट्राच राहिले. पिकार्डने तो कधी घातला नाही. थोड्याच काळात झगा गेला.

हुकूम

त्याच मालिकेत मरीना सर्टिस जहाजाची समुपदेशक डिआना ट्रॉय होती. पदाने लेफ्टनंट कमांडर. पण पहिली पाच वर्षं बहुतेक वेळ तिला गणवेश नव्हता. खोल गळ्याचे घट्ट कपडे होते. डिसेंबर १९९२ मध्ये दाखवलेल्या एका भागात जहाजावर तात्पुरता कप्तान येतो. जेलिको नावाचा हा खडूस गृहस्थ तिला पहिल्याच दिवशी सांगतो की, माझ्या जहाजावर नियमाप्रमाणे गणवेश घालावा लागेल. ती घालते, आणि तो निघून गेल्यानंतरही घालत राहते.

सर्टिसने नंतर मुलाखतींत हसत सांगितलं की, गळा झाकला आणि तिच्या पात्राला अक्कल परत मिळाली. लेखक तिला अधिकाऱ्यासारखे प्रसंग द्यायला लागले. पुढे ट्रॉयने कमांडरपदाची परीक्षाही दिली. गणवेश म्हणजे बंधन, असं आपण शाळेपासून मानत आलो. इथे एका बाईला तो मिळवायला पाच वर्षं लागली, आणि मिळाल्यावर ती मोकळी झाली.

हा धडा टिकला म्हणावं तर तसंही नाही. १९९५ च्या ‘व्हॉयेजर’मध्ये कप्तान बाई होती, पायापासून गळ्यापर्यंत रीतसर गणवेशात. पण १९९७ मध्ये त्याच जहाजावर सेव्हन ऑफ नाइन हे पात्र आलं. जेरी रायनला आत कॉर्सेट असलेला अंगाला चिकटलेला पोशाख दिला गेला. पहिल्या रुपेरी पोशाखाची कॉलर गळ्यावर इतकी दाबायची की तिला घेरी यायची. तो काढायला इतका वेळ लागायचा की, बाथरूमला जायचं म्हणजे सगळं चित्रीकरण खोळंबायचं. म्हणून ती पाणीच कमी प्यायची, असं तिने सांगितलं आहे. पात्र चोविसाव्या शतकातल्या अत्यंत बुद्धिमान बाईचं, आणि ते करणारी बाई तहानलेली.

२००१ च्या ‘एंटरप्राइझ’ मालिकेत अखेर खिसे आले. कथा कर्कच्या शंभर वर्षं आधी घडते, म्हणून ब्लॅकमन यांनी नासाच्या कपड्यांवर बेतलेले निळे, चेन आणि खिसे असलेले गणवेश केले. हात कुठे ठेवायचे हा नटांचा पस्तीस वर्षांचा प्रश्न सुटला. फक्त टी’पॉल या मुख्य स्त्री-पात्राला तो गणवेश नव्हता. तिच्या वाट्याला अंगाला चिकटलेला पोशाख आला, आणि त्याला खिसा असण्याची सोयच नव्हती.

मुलींच्या शाळेच्या ट्युनिकला खिसा लावायचा की नाही यावर आमच्या घरीही दर वर्षी बोलणं होतं. खिशाला कापड जास्त लागतं, वेळ जास्त लागतो, आणि शाळेच्या नमुन्यात तो नसतो. मुलांच्या पँटला दोन असतात, त्याबद्दल कुणी विचारत नाही.

माप कुणाचं?

हे सगळं टीव्हीतलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मार्च २०१९ मध्ये नासाने अंतराळ स्थानकाबाहेरचा पहिला पूर्णपणे स्त्रियांचा स्पेसवॉक जाहीर केला, आणि तो काही दिवस आधी बदलावा लागला. ॲन मॅक्लेन आणि क्रिस्टिना कोक या दोघींनाही पोशाखाचा छातीचा भाग मध्यम मापाचा हवा होता, आणि स्थानकावर तसा एकच वापरायला तयार होता. मोठं माप घालून बाहेर जाणं धोक्याचं ठरलं असतं. मॅक्लेनने स्वतःच माघार घेतली आणि तिच्या जागी एक पुरुष गेला. ते पोशाख मुळात सत्तरच्या दशकात आखलेले होते. मध्यम, मोठं आणि त्याहून मोठं एवढीच मापं होती. लहान माप नव्हतंच. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी कोक आणि जेसिका मेअर अखेर बाहेर पडल्या आणि सात तासांहून जास्त वेळ काम करून आत आल्या.

वर्षभरातच, मे २०२० मध्ये, स्पेसएक्सच्या यानातून दोन अंतराळवीर गेले तेव्हा त्यांच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या रंगाचे, सिनेमात शोभतील असे पोशाख होते. त्यांचं मूळ रूप होजे फर्नांडिस या हॉलिवूडमध्ये सुपरहिरोंचे पोशाख करणाऱ्या माणसाने आखलं होतं. आधी दिसणं ठरलं, मग इंजिनियरांनी त्या दिसण्यात प्राणवायू आणि दाब बसवला. म्हणजे आता पडद्यावरचे कपडे बघून खरे कपडे शिवले जात आहेत. म्हणून पडद्यावर कुणाच्या अंगाला काय दिलं जातं, कुणाला श्वास घेता येतो आणि कुणाला येत नाही, हे मला किरकोळ वाटत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या गगनयान मोहिमेसाठी निवडलेल्या चार अंतराळवीरांची नावं जाहीर झाली. चौघेही हवाई दलातले, चौघेही पुरुष. त्यांच्यानंतरच्या एखाद्या यादीत मुलगी असेलच. तिचा पोशाख शिवायला घेतील तेव्हा माप तिचं घ्यावं, शिवणीत थोडी माया सोडावी, आणि मांडीवर हात सहज पोचेल अशा जागी एक खिसा द्यावा. एवढं झालं तर तो खरोखर भविष्यातला कपडा म्हणता येईल.